गिझरचा प्लग पुन्हा पुन्हा जळतो: व्होल्ट-अँपिअरच्या हिशेबाने दोष कसा पकडायचा

थंडी सुरू झाली की गिझरच्या प्लगपाशी जळक्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागतो. प्लग उपसून बघितला तर एक पिन काळीनिळी पडलेली, तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलेले. नवा प्लग लागतो, दोन-तीन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) मात्र एकदाही पडत नाही. मग कोणीतरी म्हणते, गिझर जास्त करंट ओढतोय. एलिमेंट बदलले जाते, थर्मोस्टॅट बदलला जातो, आणि पुढच्या डिसेंबरात प्लग परत काळा.

अशा तक्रारीत गिझर बहुतेक वेळा निर्दोष असतो. दोष प्लग, सॉकेट, स्विच किंवा बोर्डातल्या एखाद्या स्क्रूखाली दडलेला असतो. तो अंदाजाने शोधत बसण्यापेक्षा दोन आकडे मोजून पकडावा: जोडावर किती व्होल्ट पडतात आणि त्यातून किती अँपिअर जातात.

आधी पाटीवरचा हिशेब

गिझरच्या पाटीवर २००० वॉट, २३० व्होल्ट असे छापलेले असते. २००० ला २३० ने भागले की ८.७ अँपिअर. २३० ला ८.७ ने भागले की एलिमेंटचा रोध २६.४ ओहम. तीन लिटरचा ३००० वॉटचा इन्स्टंट गिझर असेल तर १३ अँपिअर आणि १७.६ ओहम. ४५०० वॉटच्या इन्स्टंटला जवळपास १९.६ अँपिअर लागतात. तो १६ अँपिअरच्या पिनांवर चालवायचाच नसतो, त्यामुळे तो प्लग जळाला तर पुढे काही शोधायची गरज नाही.

लागणारी सूत्रे एवढीच:

व्होल्ट ÷ अँपिअर = ओहम
व्होल्ट × अँपिअर = वॉट
अँपिअर × अँपिअर × ओहम = वॉट

चूक सूत्रात होत नाही, सूत्रात कुठले व्होल्ट घालायचे यात होते. ज्या भागाचा रोध किंवा वॉट काढायचे, त्याच भागाच्या दोन टोकांमधले व्होल्ट घ्यायचे. सैल जोडाचा रोध ०.२ ओहम आहे म्हणून २३० चा वर्ग करून ०.२ ने भागला तर २,६४,५०० वॉट येतात. एवढ्यात आख्खी इमारत उजळेल. जोडावर २३० व्होल्ट पडतच नाहीत, जेमतेम पावणेदोन पडतात. बाकीचे सगळे एलिमेंटवर. जोडासाठी म्हणून तिसरे सूत्र सोयीचे: ८.७ × ८.७ × ०.२ = १५ वॉट.

१५ वॉट म्हणजे किती

ऐकायला किरकोळ वाटतात. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते आणि त्याच्या टोकावर शिसे वितळते. त्याच्या निम्म्याहून जास्त उष्णता वाटाण्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून, अर्धा तास सोडल्यासारखे हे आहे.

आता त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या पेटीपासून) बाथरूमपर्यंत १५ मीटर अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची वायर गेली आहे. या वायरीचा रोध मीटरला साधारण ०.००८ ओहम, जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे ०.२४ ओहम. ८.७ अँपिअरला त्यात १८ वॉट जातात, खराब प्लगपेक्षाही जास्त. पण ते ३० मीटरभर पसरलेले असतात, मीटरमागे जेमतेम ०.६ वॉट. वायर कोमटही लागत नाही. उष्णता तेवढीच, जागा वेगळी. जळते ते जागेमुळे.

करंट वाढला की उष्णता त्याच्या वर्गाने वाढते. तोच ०.२ ओहमचा जोड ३००० वॉटच्या गिझरला लावला तर करंट दीडपट आणि पिनेवरची उष्णता सव्वादोन पट, ३४ वॉट. मात्र इन्स्टंट गिझर थोडा वेळ चालतो. २५ लिटरच्या टाकीचे पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायला २००० वॉटला साडेतीस मिनिटे लागतात, आणि घरात चार माणसे एकामागोमाग अंघोळीला गेली की तो सकाळभर सुरूच. पाणी जास्त गार आणि आंघोळी लांबलेल्या, म्हणून हा दोष थंडीतच डोके वर काढतो.

एमसीबी का पडत नाही

सैल जोड एलिमेंटच्या सिरीजमध्ये येतो. २६.४ ओहममध्ये ०.२ ची भर पडली की एकूण २६.६, आणि करंट ८.७ वरून ८.६५ वर येतो. म्हणजे दोष आल्यावर करंट कमीच होतो! १६ अँपिअरच्या एमसीबीला यात वावगे काहीच दिसत नाही. ८.७ अँपिअरवर ती कायम तशीच चालू राहील, प्लगचा कोळसा झाला तरी. लहान रेटिंगची एमसीबी लावून हा दोष पकडता येत नाही, आणि जुनी एमसीबी 'कमजोर झाली' म्हणून बदलण्यातही अर्थ नाही. आरसीसीबीही यात काही करत नाही. ती फेज आणि न्यूट्रलच्या करंटमधला फरक बघते, आणि इथे दोन्हीत तेवढाच करंट असतो.

याच कारणाने न्यूट्रलची पिन जळालेली बघून चक्रावू नका. न्यूट्रलमध्ये करंट नसतो हा समज टेस्टरच्या दिव्यामुळे झाला आहे. गिझर चालू असताना दोन्ही पिनांतून तेच ८.७ अँपिअर जातात; ज्या पिनेची पकड सैल, ती जळते. सॉकेटसमोर उभे राहिलात की वरची मोठी अर्थिंगची, उजवी फेजची, डावी न्यूट्रलची. कोणती काळी पडली ते आधी लिहून ठेवा. उपसलेल्या प्लगमध्ये डावे-उजवे उलटते हेही ध्यानात असू द्या.

पहिली मोजणी: गिझर खरेच किती ओढतो

गिझर निर्दोष आहे हे आधी ठरवून टाकलेले बरे, म्हणजे घरातला वाद मिटतो. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) असेल तर वायरमनकडून डीबीतल्या गिझरच्या एमसीबीतून निघणाऱ्या फेजच्या एकट्या वायरीवर तो लावून घ्या. गिझरच्या तीन कोअरच्या केबलवर आख्खा क्लॅम्प लावाल तर शून्य दिसेल, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. 'गिझर करंटच घेत नाही' हे निदान बहुतेकदा इथूनच जन्माला येते.

क्लॅम्प मीटर नसेल तर भिंतीवरचा वीज मीटर आहेच. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती वेळा लुकलुकणार ते पाटीवर छापलेले असते, समजा ३२००. एक युनिट म्हणजे ३६,००,००० ज्यूल, म्हणजे एका लुकलुकीला ११२५ ज्यूल. घरातले फ्रिज, वायफाय, चार्जर, सगळे बंद करून फक्त गिझर चालू ठेवा आणि १०० लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या घड्याळावर मोजा. १,१२,५०० भागिले सेकंद, म्हणजे वॉट. ५६ सेकंद लागले तर २००९ वॉट. पाटीवर १६०० छापले असेल तर एका लुकलुकीला २२५० ज्यूल धरा.

समजा ६२ सेकंद लागले. मग १८१४ वॉट झाले. एलिमेंट अशक्त झाले का? लगेच ठरवू नका. त्याच वेळी व्होल्टेज मोजा. ते २१९ निघाले तर २१९ × २१९ ÷ १८१४ = २६.४ ओहम. एलिमेंट तेच आहे, व्होल्टेज कमी आहे. वॉट व्होल्टेजच्या वर्गाने घटतात. गावाकडे संध्याकाळी १८० व्होल्ट मिळत असतील तर याच गिझरचे १२२५ वॉट होतात आणि अर्ध्या तासाचे काम पन्नास मिनिटांवर जाते. त्यात गिझर कंपनीचा काही दोष नाही. उलट २४५ व्होल्ट असतील तर २२७० वॉट आणि ९.३ अँपिअर, पिनेवरची उष्णताही १३ टक्क्यांनी वाढते.

काढलेला रोध साधारण २५ ते २९ ओहमच्या आत असेल तर २००० वॉटच्या गिझरचा विषय संपला. बोअरच्या पाण्याने एलिमेंटवर क्षारांचा जाड थर चढला असला तरी अँपिअर वाढत नाहीत. थरामुळे एलिमेंट आतून तापून लवकर फुटते ती गोष्ट वेगळी.

मल्टिमीटरच्या ओहमने जोड का सापडत नाही

एलिमेंटसाठी ओहमची रेंज चालते. प्लग काढून फेज आणि न्यूट्रलच्या पिनांवर मीटर लावा, गिझरचे बटण किंवा नॉब चालूकडे ठेवा, २६ च्या आसपास आकडा दिसेल. टाकीतले पाणी गरम असेल तर थर्मोस्टॅट उघडा असतो, म्हणजे त्याने सर्किट तोडलेले असते, आणि मीटर काहीच दाखवत नाही. एलिमेंट तुटले असे समजून नवे आणण्याआधी पाणी गार होऊ द्या.

जोडासाठी मात्र ही रेंज निरुपयोगी आहे. मीटरच्या दोन लीड्सचाच रोध ०.२ ते ०.४ ओहम भरतो आणि आपण शोधतोय ०.१-०.२. शिवाय मीटर जोडातून मिलिअँपिअरभर करंट पाठवतो, ८.७ अँपिअर गेल्यावर तापून सैल होणारा जोड गार असताना छान वागतो. जोडाची परीक्षा लोडवरच व्हायला हवी.

दुसरी फसवी पद्धत म्हणजे डीबीत २३१.४ आणि सॉकेटवर २२९.७ मोजून वजाबाकी करणे. मीटरची एक टक्का चूकच २.३ व्होल्टची असते, आणि दोन मोजण्यांच्या मध्ये शेजारचा पंप सुरू झाला की लाइनच दोन व्होल्ट खाली येते. फरक हवा असेल तर तो थेट मोजायचा: मीटरचे एक टोक जोडाच्या या बाजूला, दुसरे त्या बाजूला.

दुसरी मोजणी: जोडावर पडणारे व्होल्ट

हे काम चालू लाइनवर, बोर्ड उघडून करायचे असल्याने परवानाधारक वायरमननेच करावे. पाय कोरडे, रबरी चप्पल, एक हात मोकळा. घरमालकाने काय मोजून मागायचे ते समजून घेतले तरी पुरे.

मीटर एसी व्होल्टवर, ऑटो रेंजचा आणि मिलिव्होल्ट दाखवणारा हवा. बाजारातल्या स्वस्त पिवळ्या मीटरवर एसीची सर्वांत लहान रेंज २०० व्होल्टची असते आणि तिथे एक-दीड व्होल्टाचा आकडा भरवशाचा नसतो. सुरुवात मोठ्या रेंजने करायची, कारण मोजताना कोणी स्विच बंद केला तर तिथेच पूर्ण २३० व्होल्ट येतात.

टाकीत गार पाणी, गिझर पाच मिनिटे चालू. मग:

१. स्विचच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या स्क्रूंमध्ये. चांगल्या स्विचवर ०.१ व्होल्टच्या आत.

२. स्विचच्या जाणाऱ्या स्क्रूपासून सॉकेटच्या फेज स्क्रूपर्यंत. बोर्डातला हा वीतभर लूप कित्येकदा हाताशी सापडलेल्या एक एमएमच्या तुकड्याचा असतो. मीटरवर जवळपास शून्य हवे.

३. सॉकेटच्या फेज स्क्रूपासून गिझरच्या आतल्या फेज टर्मिनलपर्यंत, लांब लीड घेऊन. यात प्लगची पकड, प्लगमधला स्क्रू आणि गिझरची कॉर्ड एवढे सगळे येते.

४. तेच न्यूट्रलच्या बाजूला.

तिसऱ्या मोजणीत कॉर्डचा वाटा वजा करा. दीड एमएमची दीड मीटर कॉर्ड असेल तर मीटरला ०.०१३३ प्रमाणे ०.०२ ओहम, म्हणजे ०.१७ व्होल्ट. मीटरने १.७४ व्होल्ट दाखवले तर १.७४ ÷ ८.७ = ०.२ ओहम, त्यातले कॉर्डचे ०.०२ गेले, प्लगचे उरले ०.१८. वॉट हवे असतील तर उरलेले व्होल्ट गुणिले अँपिअर: १.५७ × ८.७ = १३.७ वॉट. सापडला.

ठोकताळा असा ठेवावा: एका जोडावर १ वॉटच्या आत असेल तर हात लावू नका. २-३ वॉट असतील तर बंद करून साफ करा, आवळा. ५ वॉट ओलांडले की आवळून भागत नाही, तो भाग बदला. ८.७ अँपिअरला १ वॉट म्हणजे ०.११ व्होल्ट, ५ वॉट म्हणजे ०.५७ व्होल्ट, इतके पाठ असले की बोर्डासमोर उभे राहून गणित करावे लागत नाही.

मीटर काहीच नसेल तर एक ओबडधोबड उपाय आहे. अर्धा तास गिझर चालू ठेवा, स्विच बंद करा, एमसीबी खाली करा, प्लग उपसून त्याच्या अंगाला हाताची मागची बाजू लावा. कोमट असणे ठीक. दोन सेकंदही हात टिकत नसेल तर वर लिहिलेले पाच वॉट केव्हाच ओलांडले आहेत. एकच पिन जास्त तापली असेल तर शोध आणखी सोपा होतो. पिनांना मात्र लगेच हात लावू नका, चटका बसतो.

नवा प्लग का टिकत नाही

कारण सॉकेट जुनेच असते. सॉकेटच्या आत पितळी पट्टी दुमडून तिची स्प्रिंग केलेली असते. एकदा ती निळसर पडेपर्यंत तापली की तिचा ताण जातो आणि ती पुन्हा घट्ट पकडत नाही. चकचकीत नवी पिन या ढिल्या पट्टीत जाते, एका कडेला टेकते, आणि पहिल्या दिवसापासून नव्या प्लगला भाजायला लागते. उलटही तेच: नवे सॉकेट आणि काळवंडलेली जुनी पिन. दोन्ही एकाच वेळी बदलायचे. यात पन्नास-शंभर रुपये वाचवणारा माणूस वर्षात तीन प्लग घेतो.

मग वायरीचे टोक. तापलेले तांबे गुलाबी-काळे आणि ठिसूळ होते, त्यावर ऑक्साइड चढलेले असते. इन्सुलेशन कडक झालेला भाग मागे चकचकीत तांबे लागेपर्यंत कापून टाका. तारा नीट पिळून, शक्यतो पिन लग (तारांच्या टोकावर बसवायची धातूची टोपी) दाबून स्क्रूखाली घाला. टोकाला शिसे लावून स्क्रूखाली देऊ नका; दिसायला नीटनेटके असले तरी शिसे दाबाखाली हळूहळू सरकते आणि सहा महिन्यांत स्क्रू आपोआप सैल होतो. भोकात मावत नाहीत म्हणून ३६ पैकी दहा तारा छाटण्याची सवयही वाईट. सेंटिमीटरभर तांबे कमी झाल्याने रोध फारसा वाढत नाही, पण उरलेल्या तारा स्क्रूखालून निसटतात आणि दाब राहत नाही. स्क्रूखाली इन्सुलेशन अडकले नाही ना, तेही बघा.

प्लग विकत घेताना खिशात लहान चुंबक ठेवा. पितळी पिनेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा, ठेवा परत. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने चांगले पितळही हिरवट पडते, तिथे पावसाळ्यानंतर एकदा प्लग उपसून पिना बघायला हव्यात.

आणखी एक बारीक गोष्ट, जी उभे राहून बघितल्याशिवाय कळत नाही: प्लग पूर्ण आत जातोय का? टाइल्स लावल्यावर बोर्ड भिंतीच्या आत राहतो आणि प्लगची कड टाइलवर अडते, किंवा जड कॉर्ड लोंबकळून प्लग खाली ओढला जातो. पिना अर्ध्या बाहेर, म्हणजे टेकायची जागाही अर्धीच. बोर्ड पुढे घेणे आणि कॉर्डला क्लिप मारणे, उपाय एवढाच.

सोळाचा प्लग सहाच्या भोकात घालण्याचा कन्व्हर्टर गिझरला लावला असेल तर वरचे काहीही मोजू नका. आधी तो फेकून द्या. सहा अँपिअरच्या पिनांतून ८.७ जात आहेत. १० अँपिअरचा टायमर किंवा स्मार्ट प्लग ३००० वॉटला लावणेही त्यातलेच. जुन्या इमारतींत ॲल्युमिनियमची वायर असेल तर तिला तांब्याची वायर नुसती पिळून जोडू नये; ॲल्युमिनियमवर लगेच ऑक्साइड चढते आणि तो जोड पुन्हा पुन्हा सैल होतो. गिझरची लाइन तेवढी नव्या तांब्याच्या वायरीने ओढून घ्यावी, अडीच एमएम, आणि लांबी बरीच असेल किंवा ३००० वॉट असतील तर चार.

२५ लिटरच्या किंवा रोज तास-दोन तास चालणाऱ्या गिझरला प्लगच नको, असे आमचे मत. गिझर वर्षानुवर्षे जागचा हलत नाही, मग उपसायची सोय कशाला? २० अँपिअरचा डीपी (डबल पोल) स्विच लावून कॉर्ड थेट त्याच्या टर्मिनलला द्यावी. स्प्रिंगची दोन ठिकाणे कायमची जातात आणि दुरुस्तीच्या वेळी फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतात.

हा हिशेब कुठे चालत नाही

फक्त व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट हे गिझर, इस्त्री, शेगडी यांना लागू. पंप, फ्रिज, एसीला पॉवर फॅक्टरने गुणावे लागते, आणि तिथे व्होल्ट भागिले अँपिअर केल्यास येणारा आकडा वाइंडिंगच्या रोधाचा नसतो. जोडावरची मोजणी मात्र मोटारीलाही जशीच्या तशी चालते. स्टार्टरच्या काँटॅक्टवर व्होल्ट मोजून बघा.

आरसीसीबी पडत असेल तर तो वेगळा दोष. २३० व्होल्टला ३० मिलिअँपिअर म्हणजे ७.७ किलोओहम, एलिमेंटचे इन्सुलेशन त्याखाली आले की ती पडणारच, आणि १५ किलोओहमच्या आसपासही पडू शकते. त्यासाठी प्लग काढून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) पिन ते अर्थिंग लावायचा, १ मेगाओहमच्या वर हवे. मल्टिमीटरने नुसते 'ओपन' दाखवले म्हणून एलिमेंट पास करू नये.

दुरुस्ती झाल्यावर त्याच चार मोजण्या पुन्हा घ्या आणि आकडे बोर्डाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा, तारखेसकट. नवे स्क्रू महिनाभर तापून-गार होऊन थोडे बसतात. महिन्याने एमसीबी पाडून अर्धा-पाव आटा आवळायचा.